पंचावयव वाक्य
न्यायदर्शनातील परार्थानुमानाची, म्हणजे स्वतःला पटलेली गोष्ट दुसऱ्याला पटवून देण्याची, पाच अंगांची, म्हणजे अवयवांची, मांडणी. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत हे अवयव दिले आहेत. (1) प्रतिज्ञा : सिद्ध करावयाचे विधान, ‘पर्वतावर अग्नी आहे’. (2) हेतू : त्याचे कारण, ‘कारण तेथे धूर आहे’. (3) उदाहरण : व्याप्ती (अटळ साहचर्याचा नियम) दाखवणारा, उभयपक्षी मान्य दाखला, ‘जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर’. (4) उपनय : तो नियम प्रस्तुत विषयाला लावणे, ‘पर्वतावरही तसाच धूर आहे’. (5) निगमन : निष्कर्ष, ‘म्हणून पर्वतावर अग्नी आहे’.

सारी भिस्त हेतूवर असते. ‘पर्वतावर धूर आहे, कारण तेथे अग्नी आहे’ असे म्हटल्यास हेतू सव्यभिचार, म्हणजे सिद्ध करावयाची गोष्ट नसतानाही आढळणारा, ठरतो. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असूनही धूर नसतो. अशा सदोष हेतूंना हेत्वाभास म्हणतात. गौतमाने त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत.

अवयवांच्या संख्येबाबत मतभेद आहेत. काही नैयायिक दहा अवयव मानत, असे वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात नमूद आहे. मीमांसकांना तीन पुरेसे वाटतात, तर बौद्ध तर्कवेत्ता धर्मकीर्ती दोनच आवश्यक मानतो. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात मात्र पाचही अवयव कायम आहेत.