डीएनए बारकोड : ऊतीच्या नमुन्यावरून किडीची ओळख

कीड नेमकी कोणती हे कळल्याशिवाय फवारणीचा निर्णय योग्य ठरत नाही. मक्याच्या पोंग्यातील मोठी अमेरिकन लष्करी अळी डोक्यावरील उलट्या ‘वाय’ खुणेवरून आणि शेपटीकडे चौकोनात असलेल्या चार ठिपक्यांवरून शेतातच ओळखता येते. मात्र हाती अंडीपुंज, नुकतीच बाहेर पडलेली अळी किंवा चिरडलेला पतंग असेल, तर या खुणा दिसत नाहीत. अशा वेळी डीएनए बारकोडिंग उपयोगी पडते. २०१८ मध्ये ही कीड भारतात प्रथम कर्नाटकात आढळली, तेव्हा बाह्य लक्षणांबरोबर डीएनएच्या आधारेही तिची ओळख निश्चित करण्यात आली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली.

पद्धत काय आहे?

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांच्या नावाचे डीएनए बारकोडिंग व जैवविविधता अभ्यास केंद्र छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आहे.

किडीच्या पायासारख्या लहान तुकड्यातून डीएनए वेगळा करतात. त्यातील ‘सीओआय’ या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग वाचतात. हा क्रम ‘बोल्ड’ किंवा ‘जेनबँक’ या डेटाबेसमधील नोंदींशी जुळवून पाहतात. वनस्पतींसाठी ‘आरबीसीएल’ व ‘मॅटके’, तर बुरशीसाठी ‘आयटीएस’ हा भाग वापरतात.

अहवाल कसा वाचावा?

डेटाबेस स्वतः कीड ओळखत नाही. तुमचा नमुना आधीच्या कोणत्या नोंदीशी किती जुळतो, एवढेच तो सांगतो. म्हणून फक्त टक्केवारी पाहू नका. पुढील बाबी तपासा :

- नमुना एकाच नोंदीशी जुळला की वेगवेगळ्या ठिकाणच्या अनेक नोंदींशी? जेनबँकमध्ये प्रजातीचे नाव नोंद करणारा स्वतः देतो. त्याची ओळख चुकली असेल, तर ती चूक तुमच्या अहवालातही येऊ शकते.
- त्या नोंदीमागे जपून ठेवलेला मूळ नमुना, छायाचित्र व ठिकाण आहे का? बोल्डमध्ये अशी माहिती जोडण्याची सोय आहे.
- साधारण ९९ टक्के किंवा जास्त जुळणी चांगली मानतात. तरी एकच मर्यादा सर्व किडींना लागू होत नाही. कपाशीवरील पांढरी माशी हा दिसायला सारख्या, पण जनुकीयदृष्ट्या वेगळ्या अनेक प्रजातींचा समूह आहे. तेथे ३.५ टक्के फरक ही प्रजाती वेगळी मानण्याची मर्यादा वापरली जाते.
- जुळणी कमी असल्यास लगेच ‘नवी कीड’ समजू नये. त्या प्रजातीची नोंदच डेटाबेसमध्ये नसण्याची शक्यता असते.
- अळीच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशी वाढत असेल, तर अळीऐवजी तिचाच डीएनए वाचला जाऊ शकतो.

नमुना कसा घ्यावा?

१. शक्यतो जिवंत किंवा नुकतीच मेलेली कीड घ्यावी. सडलेल्या किडीतील डीएनए तुटलेला असतो.
२. प्रत्येक झाडावरील नमुना वेगळ्या स्वच्छ कुपीत ठेवावा.
३. कीड पूर्ण बुडेल एवढे ९५ टक्के इथाइल अल्कोहोल घालावे व दुसऱ्या दिवशी ते बदलावे. फॉर्मालिन वापरू नये; त्यामुळे डीएनए खराब होतो.
४. पीक, गाव, तारीख व किडीची अवस्था कागदावर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी कुपीतच टाकावी. शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये पुसले जाते.
५. कुपीत टाकण्यापूर्वी किडीचे व नुकसानीचे छायाचित्र घ्यावे.
६. तपासणीसाठी पाय किंवा लहान तुकडा वापरून उरलेली कीड जपून ठेवण्यास सांगावे. अहवालाबाबत शंका आल्यास कीटकशास्त्रज्ञांना ती पुन्हा पाहता येते.

यातून काय कळत नाही?

बारकोडवरून प्रजाती कळते, वाण कळत नाही. मक्याच्या बियाण्याची पिशवी दुसऱ्याच वाणाची असल्याची तक्रार असेल, तर बारकोडचा अहवाल पुरावा ठरणार नाही. त्यासाठी बियाणे तपासणी व वाण ओळखीच्या वेगळ्या चाचण्या लागतात. कपाशीत बीटी जनुक आहे की नाही, किंवा कीड एखाद्या कीटकनाशकाला दाद देईल का, हेही यातून समजत नाही.

शेतकरी व कृषी सहायकांसाठी

अहवाल येण्यास वेळ लागतो आणि तोवर अळी थांबत नाही. लक्षणे ओळखीची असतील, तर कामगंध सापळे, अंडीपुंज वेचून नष्ट करणे व शिफारशीप्रमाणे उपाय लगेच सुरू करावेत. अनोळखी कीड, नेहमीपेक्षा वेगळे नुकसान किंवा शिफारशीप्रमाणे फवारूनही न आटोक्यात येणारी पांढरी माशी दिसल्यास मात्र नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. गाव व तारखेसह नीट घेतलेला असा नमुना डेटाबेसमध्ये नोंदला गेला, तर मराठवाड्यातील पुढच्या शेतकऱ्याची कीड ओळखणे अधिक सोपे होते.