काडतुसांची नोंदवही

अमेरिकेत रायफलची काडतुसे ऑनलाइन विकणाऱ्या दुकानांकडे ग्राहकांचे प्रश्न ठरावीक असतात. परवाना लागतो का? वयाची अट काय? पार्सल घरी येईल की दुकानात जाऊन घ्यावे लागेल? उत्तरेही तितकीच ठरावीक असतात. संघराज्याच्या कायद्यानुसार परवाना नको. रायफलच्या काडतुसांसाठी वय १८, पिस्तुलाच्या काडतुसांसाठी २१. बहुतेक राज्यांत पार्सल थेट घरी.

आपल्याकडे शस्त्रपरवान्यावरच एका वेळी किती आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील हे लिहिलेले असते, आणि दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद ठेवतो. त्यामुळे ही उत्तरे आपल्याला चमत्कारिक वाटतात. त्याहून चमत्कारिक हे, की त्याच अमेरिकेत परराज्यातील दुकानातून मागवलेली रायफल थेट घरी येत नाही. ती स्थानिक परवानाधारक विक्रेत्याकडे येते आणि तिथे चौकशी होऊन मगच हाती पडते. रायफलला एक न्याय आणि तिच्या काडतुसाला दुसरा, हे कसे घडले? आजचा धागा याविषयी.

सुरुवात मार्च १९६३ पासून करू. ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकाच्या फेब्रुवारी अंकातील एका जाहिरातीचे कूपन भरून ‘ए. हिडेल’ नावाच्या इसमाने शिकागोच्या ‘क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स’ या दुकानाकडे धाडले. मागणी होती दुर्बिणीसह एका इटालियन कार्कानो रायफलची. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, पाठवणावळ दीड डॉलर, आणि सोबत २१ डॉलर ४५ सेंटची मनीऑर्डर. पत्ता म्हणून डॅलसमधील पोस्ट बॉक्सचा क्रमांक. दुकानाने काही विचारले नाही, कारण विचारण्याची सक्तीच नव्हती. हिडेल हे ली हार्वी ऑस्वाल्डचे टोपणनाव.

२२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. रायफलवर सी२७६६ हा क्रमांक होता. तपास अधिकारी शिकागोच्या दुकानात पोहोचले, मायक्रोफिल्मवर जतन केलेल्या मागणीपत्रांची रात्रभर छाननी झाली आणि पहाटेपर्यंत ते कूपन सापडले. टोपणनावाने टपालाने घेतलेल्या रायफलचा माग एका रात्रीत लागला!

काडतुसांचे मात्र तसे झाले नाही. ती इलिनॉयच्या ‘वेस्टर्न कार्ट्रिज कंपनी’ची होती, इतके कळले. पण ऑस्वाल्डने ती नेमकी कुठून आणि केव्हा घेतली, हे वॉरेन आयोगाच्या चौकशीतूनही निश्चित झाले नाही. रायफलवर क्रमांक असतो, काडतुसाच्या खोक्यावर खरेदीदाराशी जोडता येईल असे काहीच नव्हते. पुढच्या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली या फरकात आहे, असे मला वाटते.

टपालाने होणाऱ्या शस्त्रविक्रीवर निर्बंध आणण्याचा प्रयत्न कनेक्टिकटचे सिनेटर थॉमस डॉड यांनी हत्येपूर्वीच सुरू केला होता. परंतु त्यांचे मूळ विधेयक पिस्तुलांपुरते होते. हत्येनंतर त्यात रायफली आल्या आणि तरीही ते पाच वर्षे रखडले. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, तेव्हा कुठे संसद हलली. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी शस्त्र नियंत्रण कायद्यावर सही केली. रायफलींबरोबरच काडतुसांचीही आंतरराज्य टपालविक्री बंद झाली. काडतुसे विकणाऱ्याला परवाना आणि घेणाऱ्याचे नाव, वय, पत्ता नोंदवहीत लिहिणे बंधनकारक झाले.

ही नोंदवही फार काळ टिकली नाही. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, एका करविषयक कायद्याला जोडलेल्या कलमाने रायफल आणि शॉटगनच्या काडतुसांची नोंद रद्द केली. (बंदुकांचा विषय करांच्या विधेयकात! असली जोडकामे अमेरिकी संसदेत नवी नाहीत.) १९८२ मध्ये लहान पॉइंट टू-टू काडतुसांना सूट मिळाली. अखेर १९ मे १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने उरलेली नोंद, विक्रीचा परवाना आणि टपालविक्रीवरील बंदी, तिन्ही गोष्टी संपल्या. बंदुकांवरचे निर्बंध मात्र बव्हंशी राहिले.

या बदलाचे श्रेय किंवा दोष केवळ बंदूकसमर्थक संघटनांना देणे सोपे आहे, पण अपुरे आहे. या नोंदींचा गुन्हेतपासात विशेष उपयोग नाही, हे शस्त्रविषयक संघीय खात्यानेच मान्य केले होते. देशभरच्या दुकानांत वह्या भरत होत्या. त्या एकत्र करून कोणी वाचत नव्हते. शिवाय नोंद विक्रीच्या वेळी व्हायची, विक्रीपूर्वी तपासणी नव्हती. अर्थात वही निरुपयोगी होती, यावरून खरेदीदाराची चौकशीच निरुपयोगी ठरते असे नाही. तो निष्कर्ष मात्र न तपासता स्वीकारला गेला.

तेव्हा इंटरनेटवरची दुकाने नव्हती. ती आली तेव्हा त्यांच्यासाठी मार्ग मोकळाच होता. सरकारी टपालखाते काडतुसे स्वीकारत नाही, म्हणून ती खासगी कुरियरने जाऊ लागली.

२० जुलै २०१२ रोजी कोलोराडोतील ऑरोरा येथे चित्रपटगृहात झालेल्या गोळीबारात १२ जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोराने ६,००० हून अधिक काडतुसे ऑनलाइन घेतल्याचे पोलिसांनी सांगितले. त्या खरेदीत बेकायदा काही नव्हते. मृत तरुणीच्या आईवडिलांनी विक्रेत्यांवर दावा लावला. पण २००५ च्या एका संघीय कायद्याने शस्त्रांच्या आणि काडतुसांच्या विक्रेत्यांना अशा दाव्यांपासून व्यापक संरक्षण दिलेले आहे. २०१५ मध्ये दावा फेटाळला गेला आणि प्रतिवादींचा दोन लाख डॉलरांहून अधिक वकिली खर्च त्या आईवडिलांवर लादला गेला. त्यांनी नुकसानभरपाई मागितलीच नव्हती. विक्रीची पद्धत बदलावी, एवढीच मागणी होती.

२०१८ मध्ये टेक्सासच्या सांता फे येथील शाळेत दहा जणांचा बळी घेणारा विद्यार्थी सतरा वर्षांचा होता. त्यालाही काडतुसे ऑनलाइनच मिळाली होती. वयाचा पुरावा मागितलाच नाही, हा वादींचा आरोप होता. हे प्रकरण २०२३ मध्ये तडजोडीने मिटले आणि विक्रेत्याने वयाची पडताळणी करण्याचे मान्य केले.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१६ मध्येच वेगळा रस्ता धरला होता. तिथे २०१८ पासून ऑनलाइन मागवलेली काडतुसे घरी येत नाहीत, परवानाधारक विक्रेत्याकडे येतात. आणि १ जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीपूर्वी पार्श्वभूमीची तपासणी होते. म्हणजे जुनी वही नव्हे, विक्रीपूर्वीची चौकशी. याविरुद्ध ऑलिंपिक पदकविजेत्या नेमबाज किम रोड आणि इतरांनी २०१८ मध्ये खटला भरला आणि तो वर्षानुवर्षे खालच्या-वरच्या न्यायालयांत फिरत राहिला. काडतुसांविना शस्त्र बाळगण्याचा हक्क पोकळ ठरतो, म्हणून काडतुसालाही बंदुकीइतकेच घटनात्मक संरक्षण हवे, ही वादींची भूमिका. १९८६ च्या कायद्याने मात्र काडतुसाला बंदुकीपासून वेगळे काढले होते.