कोथरूडचा पहारा : जागल्यापासून वायरलेस कॅमेऱ्यापर्यंत

कोथरूड हे मुळात पुण्याच्या पश्चिमेचे शेतीचे गाव. पेशवाईत येथे बागा होत्या, मृत्युंजयेश्वराचे मंदिर होते आणि मस्तानीचा महालही होता. त्या महालाचे अवशेष आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. देशावरच्या गावांत राखणीचे काम वतनाने चालत आलेले असे. महार आणि रामोशी समाजातील जागले रात्री वेशीवर राहत, परक्या माणसाची दखल घेत आणि चोरी झाली की चोराचा माग काढत. माग शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर जाई. दाखवता आला नाही तर भरपाईचा तगादा राखणदारावर आणि गावावर येई. पाहणे, खबर देणे आणि जाब देणे ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे होती. पुढच्या काळात राखणीची साधने सुधारत गेली, पण ही तीन कामे एकमेकांपासून सुटत गेली. कोथरूडच्या पहाऱ्याचा इतिहास मुख्यतः या फारकतीचा आहे.

शहरातला पहारा कोतवालाच्या हाती होता. रात्रीची तोफ झाली की पुण्यातल्या रस्त्यांवर फिरायला बंदी असे. त्या अधिकाराचा अतिरेक १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाच्या अंगाशी आला : कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने कोतवालाला ठार केले. पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्याच सुमारास कोथरूडचे गावपणही ओसरू लागले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले वाडे पडले आणि शहर बाहेरच्या अंगाला सरकू लागले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना कोथरूडमध्ये आला. पुढच्या दोन-तीन दशकांत मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनी आणि भुसारी कॉलनी यांनी शेते व्यापली. वाड्याला एक दिंडी दरवाजा असे आणि आत आलेला माणूस चार बिऱ्हाडांच्या नजरेखालून जाई. बंगल्यांत आणि फ्लॅटमध्ये ती नजर उरली नाही. तिची जागा कुंपणाची भिंत, खिडकीचे लोखंडी ग्रिल आणि कुलूप यांनी घेतली. रात्री शिट्टी फुंकत आणि काठी आपटत फिरणारा गुरखा महिन्याच्या वर्गणीवर गल्ली राखू लागला.

१९७६-७७ मधील जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने पुणे हादरले. मारेकरी घरात शिरून कुटुंबेच्या कुटुंबे संपवत होते, त्यामुळे अंधार पडल्यावर दार उघडायलाही लोक धजेनात. दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे हे पाहण्याची निकड तेव्हा शहराला उमगली. अशाच निकडीतून न्यूयॉर्कमध्ये मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने दारावरचा कॅमेरा आणि घरातला पडदा जोडणारी यंत्रणा तयार केली होती. तिचे पेटंट १९६९ चे आहे.

सोसायट्या वाढल्या तसा गुरख्याच्या जागी एजन्सीचा वॉचमन आला. खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा, तर अशा एजन्सींना परवाना सक्तीचा करणारा केंद्राचा कायदा २००५ चा. २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. त्यानंतर पुण्याच्या चौकाचौकांत सरकारी सीसीटीव्ही कॅमेरे लागले. सोसायट्यांनीही पार्किंग, जिना आणि फाटक येथे तारेचे कॅमेरे बसवले. चित्रण वॉचमनच्या खोलीतल्या डीव्हीआर पेटीत साठे आणि बहुधा चोरी झाल्यानंतरच पाहिले जाई.

वायरलेस कॅमेऱ्याची वाट २००५ मध्ये मोकळी झाली. त्या वर्षी केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. घरोघरी राउटर आणि हातोहाती स्मार्टफोन आल्यावर सोसायटीच्या ठरावाची वाट न पाहता एकेका फ्लॅटला स्वतःचा कॅमेरा बसवता येऊ लागला. कोथरूडमध्ये या साधनाला आणखी एक काम मिळाले. मुले परदेशात आणि आईवडील इथे, अशी घरे या भागात पुष्कळ आहेत. अशा घरात कॅमेरा चोरावर जितका रोखलेला असतो, तितकाच म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याझडण्यावर.

अशी यंत्रणा पारखताना पूर्वी एकवटलेली तिन्ही कामे वेगवेगळी तपासावी लागतात. पाहण्याच्या कामात चित्राच्या मेगापिक्सेलइतकेच भिंतींना महत्त्व आहे. आरसीसीच्या भिंती लहरी अडवतात, २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीपार जास्त जाते, तर ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान असली तरी लवकर क्षीण होते. तार नसली तरी बहुतेक कॅमेऱ्यांना वीज लागते. वीज गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर चालतो का आणि इंटरनेट बंद पडले तरी मेमरी कार्डावर चित्रण चालू राहते का, हे पाहावे लागते.

खबर देण्याच्या कामात मुख्य धोका परक्या हाताचा. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्याचे पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारमान्य प्रयोगशाळेतील सुरक्षा-चाचणी सक्तीची आहे. तरी पासवर्ड बदलणे आणि सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे हे घरमालकाचेच काम राहते.

जाब देण्याचे काम आता कायद्याकडे आहे. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात व्हिडिओ चित्रणाच्या पुराव्याचा प्रश्न होता. मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची अट आहे. दुसरी बाजू खासगीपणाची. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने तो मूलभूत हक्क ठरला. त्यामुळे कॅमेऱ्याचा रोख शेजाऱ्याच्या दारावर किंवा खिडकीवर नसणे हीही यंत्रणेची एक कसोटी आहे.

हाकेला धावणारा माणूस मात्र कोणत्याही कॅमेऱ्याच्या खोक्यात येत नाही. जुलै २०२३ मध्ये कोथरूडमध्ये रात्री दुचाकी चोरणाऱ्या संशयितांना गस्तीवरच्या पोलिसांनी हटकले. पकडलेले दोघे राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले दहशतवादी संशयित निघाले. कॅमेऱ्याची सूचना मध्यरात्री कोणाच्या फोनवर जाते, तो माणूस जागा असतो का आणि किती वेळात दाराशी पोहोचतो, यांची उत्तरे ठरलेली नसतील, तर यंत्रणेच्या हाती चोरीचे चित्रण राहते, राखण होत नाही.