झुलत्या हत्तीची कुळकथा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात रोहणा आहे. या भागात रानहत्ती नाही. शिवारात रोही येतात, रानडुकरे येतात, आणि त्यांच्यासाठी शेतकरी रात्र रात्र जागल करतो. हत्ती इथे भेटतो तो गणपतीच्या मूर्तीत, लग्नपत्रिकेवर आणि मुलांच्या पुस्तकात. तरी त्याच्या स्वभावाबद्दल चार गोष्टी महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाप्रमाणे इथेही ऐकायला मिळतात. हत्ती झुलतो तेव्हा तो खुशीत असतो. मदावर आला की वेडा होतो. कळपाचा राजा नर असतो. आणि हत्तीने एकदा डूख धरली की सूड घेतल्याशिवाय तो राहत नाही.

या समजुतींचे कूळ शोधत गेले की बहुतेक वाटा एकाच ठिकाणी पोचतात: हत्ती बांधायच्या खुंट्याशी. पिढ्यान्‌पिढ्या आपण बांधलेला हत्ती पाहिला आणि त्यावरून साऱ्या हत्तींचा स्वभाव ठरवला. ही चूक कशी घडली हे समजून घ्यायची वेळ आली आहे, कारण विदर्भात हत्ती पुन्हा स्वतःच्या पायांनी येऊ लागला आहे.

एके काळी तो इथून फार लांब नव्हता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त रानहत्तींचे मुलूख नोंदवले आहेत. आग्रा सुभ्यातल्या नरवरच्या जंगलापासून वऱ्हाडापर्यंतचा पट्टा त्यात येतो. हंडिया, होशंगाबाद, रतनपूर, सरगुजा, बस्तर ही नावेही येतात. वर्ध्याजवळचे पवनार हे त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचे एक ‘सरकार’ म्हणून नोंदलेले आहे. पुढे जंगले तुटत गेली, हत्ती पकडणे चालूच राहिले आणि मध्य भारतातला हत्ती पूर्वेकडे सरकला. रानातला हत्ती पाहिलेली माणसे या मुलखातून संपली. मागे उरला तो राजाचा हत्ती.

हत्तीचे शास्त्रही बांधलेल्या हत्तीभोवतीच वाढले. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त हत्तीवनाची व्यवस्था आहे. हत्ती उन्हाळ्यात पकडावा, वीस वर्षांचा पकडावा, गाभण, दूध पाजणारी किंवा आजारी हत्तीण पकडू नये, रानात हत्ती मारणाऱ्याला देहदंड द्यावा, असे नियम त्यात आहेत. निरीक्षण बारीक आहे, पण त्याचा हेतू सैन्यासाठी हत्ती मिळवणे हा आहे. पालकाप्य मुनीच्या नावावर असलेला ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला. तोही मुख्यतः पाळलेल्या हत्तीच्या आजारांचा आणि उपचारांचा ग्रंथ आहे.

मात्र या शास्त्राच्या जन्माची जी कथा नीलकंठाच्या ‘मातंगलीले’त येते, ती आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. अंगदेशात हत्ती पिकांची नासाडी करू लागले, म्हणून रोमपाद राजाने त्यांना पकडून चंपानगरीत बांधले. त्याच हत्तींबरोबर रानात राहणारा पालकाप्य आपला कळप दिसेना म्हणून शोधत तिथे आला. साखळ्यांत वाळलेले हत्ती पाहून तो व्यथित झाला आणि त्यांच्या जखमांवर औषध लावू लागला. राजाने चौकशी केली तेव्हा त्याने जे सांगितले, ते गजशास्त्र झाले. नव्याने पकडलेला हत्ती रानातले सुख आठवून झुरतो, हेही या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. बंदिवासाचे दुःख जुन्या जाणकारांनी ओळखले होते. विसरलो ते आपण.

ते विसरणे सर्वांत ठळक दिसते हत्तीच्या झुलण्यात. ‘दारी हत्ती झुलतात’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वैभव उभे राहते. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली रतनपूर, सरगुजा, ओडिशा असा हत्तींचाच मुलूख होता, आणि दरबाराचा थाट हत्तीशिवाय पुरा होत नसे. छत्रपतींच्या, पेशव्यांच्या, सरदारांच्या दाराशी उभा असलेला हत्ती जागच्या जागी डावीकडून उजवीकडे डुलत राहायचा. बघणाऱ्याला तो ऐटीत दिसायचा. धन्याची श्रीमंती आणि हत्तीची खुशी एकाच चित्रात मिसळून गेली.

रानात हत्ती असा डुलत उभा राहत नाही. त्याला उसंतच नसते. दिवसरात्र मिळून बारा ते अठरा तास तो चरण्यात घालवतो आणि चाऱ्यापाण्यासाठी सतत चालतो. साल सोलतो, बांबू मोडतो, माती अंगावर उडवतो, पिलांना सांभाळतो. हे सगळे काढून घेऊन त्याला दोन हात साखळीवर बांधले की शरीराची चाल जागच्या जागी सुरू होते. तीच हालचाल तो तासन्‌तास करत राहतो, कधी नुसती मान हलवत राहतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे याला कोंडलेपणाचे लक्षण मानतात. एकटेपणा, साखळी आणि कडक फरशी यांत ते वाढते. एकदा जडले की मोकळीक मिळाल्यावरही पुष्कळदा पूर्ण जात नाही. आपण ज्याला वैभवाची खूण केले, ती त्या जनावराची तगमग होती.

महाराष्ट्राने या प्रश्नाला अलीकडे दोनदा तोंड दिले. जोतिबा देवस्थानाच्या ‘सुंदर’ हत्तीला न्यायालयीन लढ्यानंतर २०१४ मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात नेण्यात आले. २०२५ च्या जुलैमध्ये नांदणीच्या जैन मठातल्या ‘महादेवी’ हत्तिणीला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून जामनगरच्या ‘वनतारा’त हलवले गेले, आणि तिला निरोप देताना हजारो माणसे रडली. ते प्रेम खरे होते. पण हत्तिणीला माणसाच्या प्रेमाबरोबर दुसऱ्या हत्तिणींची संगत लागते, पायाखाली माती लागते, चालायला वाट लागते. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच हे मागायला हवे, मग ती कुठेही असो.

दुसरी समजूत मदाची. प्रौढ नराच्या डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून गडद स्राव वाहू लागतो, मूत्र ठिबकत राहते, रक्तातले टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढते, खाणे कमी होते आणि तो माद्यांच्या शोधात दूरवर फिरतो. हे काही आठवडे, कधी काही महिने चालते. गाय माजावर आली तर शेतकरी तिला वेडी म्हणत नाही. तो शरीराचा ऋतू आहे हे त्याला कळते. नर हत्तीचा मद आणि गाईचा माज एक नव्हेत, पण मद हाही ऋतूच आहे, रोग नव्हे. रानात इतर हत्ती वासावरूनच अशा नराला वाट करून देतात. तो धोकादायक असतोच, पण त्याच्याजवळ जागा असते. साखळीत ती नसते. मदाच्या काळात हत्तीला जखडून, उपाशी ठेवून वठणीवर आणण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती, आणि मग सुटलेल्या हत्तीने जे केले त्यावरून ‘माजलेला हत्ती’ हे भयचित्र तयार झाले.

दरबारांनी त्या भयाचा खेळही केला. कोल्हापुरात हत्तीला चिडवून खेळवण्याची साठमारी चाले. बडोद्यात गायकवाडांच्या अग्गडात, म्हणजे झुंजीच्या मैदानात, हत्तींच्या झुंजी होत, आणि १८६० च्या दशकात तिथे आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्यांचे वर्णन केले आहे. हत्तीच्या पायी देणे ही तर शिक्षाच होती. हत्तीला झुंजवायला आणि माणूस तुडवायला माणसानेच शिकवले. त्यावरून क्रूरपणा मात्र हत्तीच्या नावे लागला.

मदाबरोबर कवींनी एक सुंदर संकेत दिला: हत्तीच्या गंडस्थळाभोवती गुंजारव करणारे भुंगे. वास्तवात हत्ती मधमाश्यांपासून दूर पळतो. सोंडेच्या आत आणि डोळ्यांभोवती झालेले दंश त्याला असह्य होतात. केनियात लुसी किंग यांनी या भीतीचा अभ्यास करून शेताभोवती मधाच्या पेट्या टांगलेली कुंपणे उभी केली. २०२१ मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने कर्नाटकातल्या कोडगूत तसाच प्रयोग सुरू केला. हत्ती उंदराला भितो हे आपण मुलांना सांगत आलो. मधमाशीला भितो हे सांगितले असते तर कुणाचे तरी पीक वाचले असते.

तिसरी समजूत यूथपतीची. भागवतातला गजेंद्र हत्तिणी आणि पिलांचा परिवार घेऊन सरोवरावर येतो, आणि तेव्हापासून कळपाचा राजा नरच राहिला आहे. राजसभेत सांगितलेल्या गोष्टीत राजाच पुढे असणार. प्रत्यक्षात कळप हा आजी, मावश्या, लेकी आणि पिले यांचा असतो, आणि वाट दाखवते ती बहुधा जाणती हत्तीण. नर वयात आला की कळप सोडतो. एकटा टस्कर दिसला की ‘हाकलून दिलेला, म्हणून चिडलेला’ असे आपण मानतो, पण एकटे फिरणे हे त्याचे नेहमीचेच जगणे आहे. कळपातल्या हत्तिणी एकमेकींशी अशा खोल आवाजात बोलतात की त्याचा बराचसा भाग माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. संशोधक केटी पेन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभे असताना हवेतली ती थरथर अंगावर जाणली, आणि तिथून हा शोध सुरू झाला.

चौथी डूख धरण्याची. शिंप्याने सोंडेला सुई टोचली आणि हत्तीने चिखलाचे पाणी आणून दुकानात फवारले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांतही ती छापलेली आहे. हत्तीची स्मृती मोठी आहे यात शंका नाही. पण तिचे खरे काम पाहायचे तर टांझानियात जावे. १९९३ च्या दुष्काळात तरंगिरे राष्ट्रीय उद्यानातल्या ज्या कळपांच्या म्हाताऱ्या हत्तिणींनी पूर्वीचा मोठा दुष्काळ पाहिला होता, ते कळप बाहेर पाणी शोधत गेले आणि त्यांची पिले जास्त संख्येने वाचली. हत्ती लक्षात ठेवतो ते पाणवठे, वाटा आणि नाती.

या चारही समजुती आज नुसत्या गोष्टी राहिलेल्या नाहीत. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात दोडामार्गला आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून एक कळप गडचिरोलीत उतरला आणि पुढे गोंदिया, भंडाऱ्यापर्यंत फिरला. घरे मोडली, धान तुडवले गेले, माणसे मेली. त्या घरांचे दुःख मोठे आहे, आणि वेळेवर पुरेशी भरपाई हा त्यांचा हक्क आहे. पण कळप घराशी का येतो? साठवलेल्या धानाचा आणि मोहफुलांचा वास त्याला दुरून लागतो. तिथे सूड नसतो. पिलाजवळची हत्तीण अंगावर धावते, तेव्हा ती पिसाळलेली नसते. जमाव आरडाओरडा करत, मोबाईलचे दिवे रोखत, फटाके फोडत मागे लागला की कळप फुटतो, पिले चुकतात आणि धोका वाढतो. हत्तीला देव समजून जवळ जाणारा आणि राक्षस समजून पाठलाग करणारा, दोघेही त्याला ओळखत नाहीत.

रोहण्यासारख्या गावाने जागलीची रात्र भोगलेली असते, म्हणून गडचिरोलीच्या धानउत्पादकाचे हाल त्याला लवकर कळतील. हत्ती वर्ध्याकडे येईल की नाही हा प्रश्न वेगळा. पण विदर्भातल्या शाळांत मुलांना शिंप्याच्या गोष्टीबरोबर जाणत्या हत्तिणीची हकिकतही सांगितली पाहिजे. कळपाची वाट सोडावी, अंतर ठेवावे, रात्री एकट्याने सामोरे जाऊ नये, धान आणि मोहफुले राहत्या घरापासून दूर सुरक्षित ठेवावीत, हे ग्रामसभेत बोलले गेले पाहिजे. साखळीतल्या हत्तीकडून शिकलेले मोकळ्या हत्तीला लावत राहिलो, तर त्याची किंमत जंगलाकाठची गरीब घरे आणि हत्ती दोघेही मोजत राहतील. मोकळा हत्ती ओळखण्याचे ज्ञान आता आपल्याजवळ आहे. ते गावापर्यंत पोचवणे एवढेच बाकी आहे, आणि त्यात उशीर करण्याचा अधिकार आपल्याला नाही.