कार्डमूल्यांकन (हार्थस्टोन)

‘हार्थस्टोन’ या डिजिटल पत्त्यांच्या खेळातील एखादे कार्ड किती उपयोगी आहे आणि ते मिळवण्यासाठी किती खर्च करावा, हे ठरवण्याची रीत. हा खेळ अमेरिकेतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या कंपनीने मार्च २०१४ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित केला. कार्डाची डावातील ताकद आणि संग्रहातील किंमत या दोन गोष्टी येथे स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात.

मूळ हिशेब : खेळाडू साधारणतः ३० कार्डांचा डेक घेऊन खेळतो. पहिल्या पाळीला १ मॅना (कार्ड खेळण्यासाठी खर्चायचे बळ) मिळतो आणि पुढे दर पाळीला एकेक वाढत तो १० पर्यंत जातो. मॅना खर्चून मैदानात उतरवलेल्या मिनियनला (लढणाऱ्या पात्राच्या कार्डाला) अटॅक व हेल्थ असे दोन आकडे असतात. खेळाच्या सुरुवातीच्या काळात रूढ झालेल्या ठोकताळ्यानुसार या दोन आकड्यांची बेरीज मॅनाच्या दुपटीहून एकाने जास्त असावी. ‘चिलविंड येटी’ हे ४ मॅनाचे ४/५ कार्ड या हिशेबात नेमके बसते. बेरीज कमी असेल, तर ती तूट कार्डाच्या विशेष गुणाने भरून निघते का, हे पाहतात. उलट २ मॅनाचे ‘मिलहाउस मॅनास्टॉर्म’ ४/४ असले, तरी ते उतरवल्यावर प्रतिस्पर्ध्याचे मंत्र त्याच्या पुढच्या पाळीत फुकट होतात. त्यामुळे जादा आकडे तोट्याचे ठरू शकतात.

संदर्भानुसार मूल्य : डिसेंबर २०१६ मधील ‘पॅचेस द पायरेट’ हे १ मॅनाचे केवळ १/१ कार्ड होते. मात्र खेळाडूने दुसरे कोणतेही चाचे-कार्ड खेळले, की ते डेकमधून आपोआप मैदानात येई आणि लगेच हल्ला करी. चाच्यांच्या डेकमध्ये त्याचा धाक होता. चाचे नसलेल्या डेकमध्ये ते जवळजवळ निरुपयोगी ठरे. प्रतिस्पर्धी काय खेळतात, यावरही मूल्य अवलंबून असते. शस्त्र मोडणारे ‘ॲसिडिक स्वॅम्प ऊझ’ शस्त्रधारी डेक वाढले, की वधारते.

आकडेवारीची मर्यादा : एखादे कार्ड खेळले गेलेल्या डावांपैकी किती डाव जिंकले, ही टक्केवारी सरळ वापरता येत नाही. महागडे कार्ड डाव लांबल्यावरच खेळता येते. त्याआधीच हरलेले डाव त्याच्या खात्यावर चढत नाहीत. शिवाय विजय जवळ आल्यावरच खेळायच्या कार्डाला तयार यशाचे श्रेय मिळते. म्हणून सुरुवातीच्या हातात कार्ड असताना आणि नसताना जिंकण्याचे प्रमाण एकाच डेकच्या पुरेशा डावांत ताडून पाहणे अधिक उपयोगी असते.

संग्रहातील किंमत : खेळाडूंना आपसांत कार्डांची देवघेव करता येत नाही, त्यामुळे बाजारभाव नसतो. नको असलेले कार्ड मोडून ‘डस्ट’ मिळते आणि त्यातून हवे ते कार्ड घडवता येते. दुर्मीळतेच्या चढत्या क्रमाने कॉमन कार्ड घडवायला ४०, रेअरला १००, एपिकला ४०० आणि लेजेंडरीला १६०० डस्ट लागते. मोडल्यास अनुक्रमे ५, २०, १०० आणि ४०० मिळते. म्हणजे एक लेजेंडरी घडवण्यासाठी चार लेजेंडरी मोडावी लागतात. दुर्मीळता ही मुख्यतः किमतीची पायरी आहे, ताकदीची हमी नव्हे. अनेक डेकांत वापरता येणारे साधे कार्ड एकाच डेकला लागणाऱ्या लेजेंडरीपेक्षा किफायतशीर ठरते.

मूल्यातील बदल : छापील कार्डावरचा मजकूर छापल्यावर बदलत नाही, डिजिटल कार्डाचा मात्र कंपनी बदलू शकते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘पॅचेस’ची तत्काळ हल्ल्याची क्षमता काढून घेण्यात आली. कमकुवत केलेले कार्ड ठरावीक मुदतीत मोडल्यास घडवण्याइतकी पूर्ण डस्ट परत देण्याची प्रथा आहे. २०१६ पासूनच्या ‘स्टँडर्ड’ प्रकारात मुख्यतः अलीकडचे संच चालतात. जुने कार्ड तेथून बाद झाले, की ‘वाइल्ड’ प्रकारात वापरता येते, पण अशी भरपाई सहसा मिळत नाही. म्हणून कार्ड घडवण्यापूर्वी त्याच्या ताकदीबरोबरच ते स्टँडर्डमध्ये आणखी किती काळ टिकेल, हेही विचारात घ्यावे लागते.