मेघना हेलिकॉप्टर मोहीम (1971)

भारत-पाक युद्धात मेघना नदी ओलांडण्यासाठी झालेली धाडसी हवाई मोहीम. मेघनेवरचा आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने 9 डिसेंबरला उडवून दिला आणि ढाक्याची सरळ वाटच तुटली.

भारतीय सैन्याच्या चौथ्या कोरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सगत सिंग मात्र तिथे अडून बसले नाहीत. खरे तर मेघनेपलीकडे जाण्याचा स्पष्ट आदेश त्यांच्याकडे नव्हता! उतरण्याच्या जागा त्यांनी स्वतः हेलिकॉप्टरमधून हेरल्या. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या मोजक्या एमआय-4 हेलिकॉप्टरांनी रात्रंदिवस फेऱ्या मारून जवान नदीपलीकडे रायपुऱ्याकडे उतरवले. अंधारात खुणेला हातातल्या टॉर्च.

16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली.

याच सगत सिंगांच्या पॅरा ब्रिगेडला 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेतही दुय्यम कामगिरी होती. तरी पणजीत आधी पोहोचली तीच.