सिमचा रिकामा स्लॉट

२०१२ साली लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता. घरी येऊन बॅटरी काढली तर खाली चक्क सिमकार्डाचा स्लॉट! म्हटलं, लॉटरी लागली. जुन्या फोनचं सिम सरकवलं, पण ढिम्म. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या रिपेअरवाल्याने मागचं झाकण उघडून दाखवलं. स्लॉट आहे, अँटेनाच्या वायरी आहेत, पण त्या ज्याला जोडायच्या ते मोडेमचं कार्डच नाही. "त्याचे वेगळे पैसे असतात साहेब, ऑर्डर देताना ज्याने भरले त्यालाच मिळतं."

तो स्लॉट आता आठवला तो भाचीमुळे. कॉलेजसाठी तिला लॅपटॉप घेतला. घरात वायफाय नाही, धड चालणारा फोन एकच, आणि तो दाजींबरोबर एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जातो. रात्री बाराला दाजी घरी आले की हॉटस्पॉट सुरू होतो आणि पोरीचा अभ्यासही. "लॅपटॉपला सिम कशाला, फोन आहे ना?" असं विचारणाऱ्यांच्या घरात माणशी एक फोन असतो, हे आपण विसरतो.

वायफाय प्रत्येक लॅपटॉपमध्ये आलं, मग सिम का नाही आलं? याचा इतिहास मजेशीर आहे. मजेशीर म्हणजे, बिल भरणाऱ्याला नव्हे.

वायफायच्या लहरींना मालक नाही. अमेरिकेने १९८५ मध्ये काही लहरी विनापरवाना वापरायला मोकळ्या केल्या. १९९९ मध्ये ॲपलच्या आयबुकसाठी वायफायचं कार्ड मिळू लागलं. मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांना अट घातली: प्रोसेसर, चिपसेट आणि वायफाय, तिन्ही आमचंच घ्याल तरच सेंट्रिनोचं नाव लावता येईल. जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतला. दोन-चार वर्षांत वायफाय नसलेला लॅपटॉप विकणं अवघड झालं. आपल्याकडेही जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला.

मोबाईलच्या लहरींना मात्र मालक असतो, आणि त्याने त्या विकत घेतलेल्या असतात. आपल्या २०१० च्या थ्रीजी लिलावात सरकारला सुमारे ६७,७०० कोटी मिळाले. एवढे पैसे मोजणारा माणूस तुम्हाला प्लॅनशिवाय कसा सोडेल?

तसे सिमवाले लॅपटॉप अमेरिकेत २००५-०६ पासून होते. सोनीचे होते, लेनोवोचे होते, पण एखाद्या मोबाईल कंपनीशी गाठ मारलेले. २००८ च्या डिसेंबरात तिथे एसरचा छोटा लॅपटॉप अवघ्या ९९ डॉलरला मिळत होता. अट एकच, एटीअँडटीचा दोन वर्षांचा करार, महिना ६० डॉलर. म्हणजे १,४४० डॉलर नुसते नेटचे! म्हैस स्वस्त, पण गोठ्याचं भाडं दोन वर्षं त्यांनाच. खुद्द इंटेलने २००६ मध्ये नोकियाला सोबत घेऊन सेंट्रिनोत थ्रीजी घालायचं ठरवलं होतं. २००७ च्या सुरुवातीलाच तो बेत गुंडाळला, कारण गणित जमेना.

त्यात पेटंटचा टोलनाका. मोबाईल तंत्रज्ञानाची रॉयल्टी बऱ्याचदा चिपच्या किमतीवर नाही, अख्ख्या वस्तूच्या किमतीवर मागितली जाते. एरिक्सनने मायक्रोमॅक्सवर २०१३ मध्ये दावा लावला तेव्हा नेमका यावरून वाद झाला होता. त्याच वर्षी स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. पुढे २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने हा विषय आयोगाच्या अखत्यारीतलाच नाही असं सांगितलं. फोन दहा हजाराचा, लॅपटॉप पन्नास हजाराचा. टक्केवारी लावून बघा.

आपल्याकडे या भानगडीवर उपाय होता डोंगल! टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट आठवतंय का? यूएसबीची लांब वायर लावून ते खिडकीच्या गजाला बांधायचं, आणि कोणी खिडकी लावली की घरात बोंबाबोंब. मग २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ ने फोनमध्येच हॉटस्पॉट दिला, २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला आणि डोंगल ड्रॉवरमध्ये गेलं. बाजाराने निकाल दिला: लॅपटॉपला सिमची गरज नाही.

पण बाजाराने निकाल दिला म्हणून सरकारनेही तीच री ओढायची? ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत आकाश टॅब्लेट आला, गरीब विद्यार्थ्यांसाठी. त्यात फक्त वायफाय! बाजारात विकायला काढलेल्या त्याच्याच भावंडात, युबीस्लेटमध्ये, सिमची सोय होती, किंमत २,९९९ रुपये. ज्याच्या गावात वायफाय नाही त्याला वायफायवालं, आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला सिमवालं. हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल? पुढे २०२० मध्ये कोकणात पोरं रेंजसाठी सड्यावर जाऊन बसली, तीही फोन घेऊनच.

स्वस्तात जमत नाही म्हणावं, तर जुलै २०२३ मध्ये आलेलं जिओबुक फोरजी सिमसकट १६,४९९ रुपयांना होतं. मशीन मामुली, मान्य. पण सोय होती.

आता दुसरी बाजूही सांगतो. मोडेम लॅपटॉपच्या आधी म्हातारं होतं. एअरटेलने २०२० पर्यंत थ्रीजी बंद केलं, तेव्हा थ्रीजीवाले लॅपटॉप त्या बाबतीत मुके झाले. नवं कार्ड टाकावं तर काही कंपन्यांनी बायोसमध्येच कुलूप घातलेलं, आपलं सोडून दुसरं कार्ड चालू द्यायचं नाही. म्हणून प्रत्येक लॅपटॉपला सिमची सक्ती करा असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात तीन फोन आहेत त्याने तो भुर्दंड का सोसावा?

पण सरकारी पैशातून विद्यार्थ्यांना जे लॅपटॉप, टॅब मिळतात, त्यांच्या टेंडरमध्ये बदलता येणारं मोडेम कार्ड लिहा, कुठल्याही कंपनीचं सिम चालेल असं लिहा. आणि रिचार्जचं बघा. पोस्टपेड फॅमिली प्लॅनमध्ये घरचे डेटा वाटून घेतात, प्रीपेडवाल्याला दुसरं सिम म्हणजे दुसरा रिचार्ज. दाजी प्रीपेडवाले आहेत. दीड-दोन जीबी रोजचा, त्यातला निम्मा रात्री बाराला वाया.

तुमच्यापैकी कोणी लॅपटॉपमध्ये सिम घालून खरंच वापरत असेल तर खाली लिहा. महिन्याला खर्च किती येतो, गावाकडे चालतं का. दाजींना आकडा सांगायचाय.